संगणकाची पदवी आणि पुढची चाळीस वर्षे



दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी दरवर्षी चार-दोन पालक मुलांना घेऊन येतात. पेढे होतात, चहा होतो आणि मग वडील मुख्य विषयाला हात घालतात, "संगणकाला घालावा म्हणतो. स्कोप आहे ना?" ज्याच्याविषयी हे चाललेले असते तो मुलगा किंवा ती मुलगी जमिनीकडे पाहत बसलेली असते. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्न विचारताना वडील निश्चिंत असत. उत्तर त्यांना ठाऊकच असे, माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असे. अलीकडे तसे राहिलेले नाही. एक शेतकरी वडील आले होते, त्यांनी विचारले, "आता म्हणे संगणक स्वतःच प्रोग्राम लिहितो. मग हा शिकून काय करणार?" फीसाठी कर्ज काढायचे त्यांनी ठरवले होते. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

त्यांना त्या दिवशी जे घाईने सांगितले, ते तुम्हाला जरा सवडीने सांगतो.

आधी हे ध्यानात घ्या की आपण नोकरीचा विचार पहिल्या वर्षापुरता करतो. कॉलेजात कोणत्या कंपन्या येतात, पगार किती देतात, एवढेच विचारतो. आज तुम्ही पंधरा वर्षांचे आहात. पदवी घेऊन बाहेर पडाल तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे असाल आणि त्यानंतर निदान चाळीस वर्षे काम कराल. तेव्हा पहिल्या नोकरीबरोबरच, चाळीस वर्षांत काय टिकते आणि काय जाते, हेही पाहायला हवे. सुदैवाने संगणकाचा इतिहास आता एवढा मोठा झाला आहे की त्यातून काही शिकता येते.

'कॉम्प्युटर' हा शब्द प्रथम यंत्राला नव्हे, माणसाला लावत असत. राधानाथ सिकदर हे बंगाली गणिती १८३१ मध्ये हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला लागले, तेव्हा त्यांच्या पदाचे नावच 'कॉम्प्युटर' होते. कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा. हिमालयातील 'शिखर क्रमांक १५' जगात सर्वांत उंच आहे हे याच खात्यातील आकडेमोडीतून निघाले. १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट अशी जाहीर झाली आणि पुढे त्याला एव्हरेस्ट हे नाव मिळाले. सिकदरांचे ते पद आज नाही. यंत्राने काम तर घेतलेच, कामाचे नावही घेतले! पण सर्वेक्षण काही थांबले नाही. कोठून कोन मोजायचा, हवेतून येताना प्रकाश वाकतो त्याची दुरुस्ती किती धरायची, आलेले उत्तर विश्वासार्ह आहे का, हे ठरवणारा माणूस लागतच राहिला.

पुढे यंत्रे आली. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. गुणाकार करून पाहा: ८१,९२० बिट, म्हणजे सुमारे १० किलोबाइट. तुमच्या घरच्या मोबाइलवर काढलेला एकच फोटो याच्या शेकडो पट जागा घेतो. हे यंत्र उभारणाऱ्या चमूचे प्रमुख आर. नरसिंहन. त्यांची पीएच.डी. गणितातली होती. संगणकाची पदवी त्या काळी आपल्याकडे कोणी देतच नव्हते, मग ती घेणार कोण?

त्याच सुमाराचा अमेरिकेतला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. यंत्राला समजेल अशा भाषेत एकेक आज्ञा लिहिणे हे फार किचकट काम होते. ते सोपे करण्यासाठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.बी.एम. कंपनीत 'फोर्ट्रान' ही भाषा तयार केली. ती १९५७ मध्ये बाहेर आली. गणिती सूत्रे जवळजवळ जशीच्या तशी लिहायची, यंत्रभाषेत भाषांतर यंत्रच करील. १९५४ च्या त्यांच्या पहिल्या अहवालात अशी आशा व्यक्त केली होती की, या भाषेमुळे प्रोग्राम लिहिणे आणि त्यातील चुका शोधणे ही कामे जवळजवळ उरणारच नाहीत. झाले उलटेच. प्रोग्राम लिहिणे सोपे झाले, म्हणून ज्यांनी पूर्वी संगणकाचा विचारही केला नसता अशा लोकांना तो हवासा वाटू लागला आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांची मागणी कितीतरी वाढली.

तुम्ही म्हणाल, मग चिंता कसली? आताही तसेच होईल! थांबा. गोष्टीची दुसरी बाजूही पाहू.

१९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणायचे ठरले तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी जोरदार विरोध केला होता. बँकांतही तीच भीती होती. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँका यांच्यात १९८३ मध्ये करार झाला, तेव्हा कोठे मर्यादित प्रमाणात यंत्रे आली. त्यानंतर भारतात संगणकाच्या क्षेत्रात लाखो नोकऱ्या निर्माण झाल्या. 'नॅसकॉम' या उद्योगसंघटनेच्या अंदाजाप्रमाणे आज ५० लाखांहून अधिक लोक या उद्योगात आहेत. तेव्हा विरोध करणारे चुकले असे म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धवट वाटते. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे कंपोझिटर आठवतात का? तुम्हाला आठवणार नाहीत, शिक्षकांना आठवतील. उलटी अक्षरे सरळ अक्षरांइतक्या सहज वाचणारी ती माणसे, शुद्धलेखनात भल्याभल्यांना ऐकणारी नसत. संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली आणि त्यांचे कसब एका पिढीत निरुपयोगी झाले. देशात नव्या नोकऱ्या झाल्या, पण त्या पन्नाशीतल्या कंपोझिटरला त्या मिळाल्या नाहीत. एकूण आकडा वाढला म्हणून प्रत्येकाचे भले होतेच असे नाही.

आणखी एक मौजेची गोष्ट पाहा. संगणकाने आधी आपल्याच घरातली माणसे कमी केली. पूर्वी माहिती भोके पाडलेल्या कार्डांवरून यंत्रात जाई. ती भोके पाडणारे 'पंच ऑपरेटर' मोठ्या कार्यालयांत ओळीने बसलेले असत. हे पद त्या वेळी 'संगणकातली नोकरी' म्हणूनच ओळखले जाई आणि त्यासाठी क्लासही निघाले होते. पडदा आणि कळफलक आले, कार्डे गेली, त्यांच्याबरोबर ते पदही गेले. संगणकाचे क्षेत्र वाढत होते आणि त्याच क्षेत्रातले एक काम नाहीसे होत होते.

आज जे चालले आहे ते या दोन्ही गोष्टींसारखे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅट-जीपीटी' लोकांच्या हाती आले. साध्या भाषेत सांगितले तर अशी साधने प्रोग्राम लिहून देतात आणि त्यातले बरेचसे चालतातही. २०२३-२४ या वर्षात भारतातल्या काही मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कर्मचारीसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्याला यंत्रापेक्षाही मंदावलेली मागणी कारण होती, पण परिणाम भरतीवर झाला. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिलेल्या तक्त्यात, नुकत्याच पदवी घेतलेल्यांपैकी संगणकशास्त्राच्या ६.१ टक्के आणि संगणक अभियांत्रिकीच्या ७.५ टक्के तरुणांना काम नव्हते. इतर अनेक शाखांपेक्षा हे प्रमाण जास्त होते. मात्र ज्यांना काम होते त्यांच्या सुरुवातीच्या पगारात संगणक अभियांत्रिकी त्याच तक्त्यात अगदी अग्रभागी होती. म्हणजे दार बंद झालेले नाही, उंबरठा उंच झाला आहे.

माझे मत विचाराल तर, ठरावीक नमुन्याचा प्रोग्राम लिहिणे, एवढेच ज्याला येते त्याचे दिवस कठीण आहेत. हे काम आजवर नवख्यांना उमेदवारीसाठी देत असत. तेच यंत्राकडे गेले तर नवख्याने हात कोठे बसवायचा, ही खरी अडचण आहे. कंपन्यांनी आणि कॉलेजांनी तिचा विचार केलेला मला तरी फारसा दिसत नाही. म्हणून तो तुम्हालाच करावा लागेल.

तर मग टिकते काय? त्यासाठी दोन शब्दांतला फरक समजून घेऊ: संगणकशास्त्र आणि माहिती प्रणाली.

समजा, १० लाख नावांची यादी आहे, अकारविल्हे लावलेली. त्यातून एक नाव शोधायचे आहे. पहिल्यापासून एकेक पाहत गेलात तर वेळ पडल्यास दहा लाख नावे पाहावी लागतील. त्याऐवजी मधले नाव पाहा. हवे असलेले नाव त्याच्या आधीचे आहे की नंतरचे? जी निम्मी यादी नको ती टाकून द्या. उरलेल्यातले मधले पाहा. असे करत गेलात तर फार तर २० वेळा पाहून काम होते, कारण २ चा २० वा घात १० लाखांहून थोडा मोठा आहे. दहा लाखांचे वीस! यंत्र कितीही वेगवान असो, हा फायदा यंत्राचा नाही, विचाराचा आहे. अशा विचारांचे शास्त्र म्हणजे संगणकशास्त्र. ते गणिताचे सख्खे भावंड आहे आणि ते शिळे होत नाही. भाषा बदलतील, यंत्रे बदलतील, पण वरची युक्ती चाळीस वर्षांनंतरही खरीच असेल.

पण समजा त्या यादीत एकाच नावाची दोन माणसे असतील तर? शोध वीस पायऱ्यांत लागला, पण कोणाचा लागला?

हा प्रश्न मला पुस्तकाने नव्हे, एका साखर कारखान्याने शिकवला. गोष्ट १९८८ च्या गळीत हंगामाची. एका सहकारी साखर कारखान्यात ऊसबिलाचा प्रोग्राम लिहायला मी गेलो होतो. नुकती पदवी घेतलेली, अंगात मस्ती. काट्यावर गाडीचे वजन होते, त्याची पावती फाटते, पंधरवड्याला सभासदाचे बिल निघते आणि त्यातून विकास सोसायटीच्या कर्जाची कपात होते. सोपे गणित! कारखान्याच्या यादीत प्रत्येकाला सभासद क्रमांक होता. सोसायटीकडून आलेल्या कर्जाच्या यादीत मात्र नुसती नावे आणि गाव. मी नावाला नाव आणि गावाला गाव जुळवणारा प्रोग्राम लिहिला. रात्रभर डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र करकरत होते आणि सकाळी बिलांचा गठ्ठा तयार होता. पूर्वी याच कामाला चार कारकुनांना आठवडा लागे. मी स्वतःवर भारी खूश होतो.

चौथ्या दिवशी एक शेतकरी बिल घेऊन आला. त्याने कर्ज काढलेच नव्हते आणि बिलातून मोठी रक्कम कापली गेली होती. मुलाच्या वसतिगृहाचे पैसे त्यातून भरायचे होते. त्याच गावात त्याच नावाचा, वडिलांचे नावही तेच असलेला आणखी एक सभासद होता. कर्ज त्याचे होते. माझ्या प्रोग्रामने यादीत जो आधी सापडला त्याला धरले. जुने हेडक्लार्क चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "साहेब, यादी आली तेव्हा मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. हे वेशीजवळचे, ते मळ्यातले. आमच्या खतावणीत दोघांची पानंच वेगळी आहेत."

गणित बरोबर होते, प्रोग्राम बरोबर होता, बिल चुकले होते. त्या माणसाला पैसे परत मिळायला पुढचा पंधरवडा उजाडला आणि तोवर वसतिगृहाची मुदत टळली होती.

कोणती माहिती नोंदवायची, कोणत्या खुणेने माणूस ओळखायचा, चूक झाली तर ती कोणी आणि कशी दुरुस्त करायची, कोणाला काय दिसावे आणि कोणाला दिसू नये, हा सगळा माहिती प्रणालीचा विषय. यात यंत्र थोडे आणि माणसांचा व्यवहार पुष्कळ. तुमच्या ओळखीचे उदाहरण घ्या: सातबारा. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरचे हक्क, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आज तो मोबाइलवर मिनिटात निघतो. पण त्यासाठी आधी गावोगावचे हस्तलिखित उतारे संगणकात भरून ते मुळाशी ताडून पाहावे लागले. एका ठिकाणी 'कुळकर्णी', दुसरीकडे 'कुलकर्णी'. तीन भावांच्या हिश्शांची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळत नाही. एखादे नाव चुकीचे पडले तर कर्ज अडते, खरेदीखत अडते, भावाभावांत कोर्टकचेरी होते. म्हणून फेरफाराची नोंद एकाने करायची आणि मंडळ अधिकाऱ्याने तपासून ती प्रमाणित करायची, ही रीत संगणकातही तशीच ठेवावी लागली. प्रोग्राम लिहिणारे यंत्र हाताशी असले, तरी ही रीत का आहे हे ज्याला ठाऊक नाही तो त्या यंत्राला काय सांगणार?

माझे म्हणणे येथे येऊन ठेपते. नुसता संगणक शिकलेल्या माणसापेक्षा, संगणक आणि त्याच्या जोडीला दुसरे काहीतरी नीट जाणणाऱ्या माणसाला पुढची चाळीस वर्षे काम मिळत राहील. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये 'अर्क' हा महासंगणक बसवला. एकावर पंधरा शून्ये एवढ्या आकडेमोडी, त्याही सुमारे बारा पट, तो एका सेकंदात करू शकतो. परंतु ढग कसा बनतो, हवेचे प्रवाह कोणत्या समीकरणांनी मांडतात, हे भौतिकशास्त्र जाणणाऱ्याशिवाय त्याला काम कोण देणार? रुग्णालये, बँका, वीजपुरवठा, बाजार समित्या, सगळीकडे हेच आहे. शेतकऱ्याच्या मुलाला वाटते आपल्याला शहरी मुलांच्या मानाने कमी येते. अरे, तुला पाणीपट्टी, पाळीपाळीने मिळणारे पाणी, अडत आणि तोलाई कळते. शहरातल्या मुलाला ते शिकायला वर्ष लागेल.

प्रवेशाच्या वेळी 'संगणक अभियांत्रिकी', 'माहिती तंत्रज्ञान', 'कृत्रिम बुद्धिमत्ता व विदाशास्त्र' अशा नावांची यादी समोर येते आणि पालक नावांवरून हमरीतुमरीवर येतात. या शाखांच्या पहिल्या दोन वर्षांत पुष्कळसा भाग समान असतो. पाटीवरचे नाव पाहू नका, शिकवणारे कोण आहेत आणि प्रयोगशाळा उघडी असते का, ते पाहा. जमल्यास तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा, की तू स्वतः काय केलेस ते दाखव. आणि 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशी जाहिरात दिसली तर ती हमी लेखी मागा. नोकरी न लागल्यास फी परत देणार का, हेही विचारा. उत्तर ऐकण्यासारखे असते. फार मोठे कर्ज काढून महागड्या कॉलेजात जाण्यापेक्षा जवळच्या चांगल्या कॉलेजातून बी.एस्सी. करून पुढे एम.सी.ए. करणे हाही मार्ग आहे. तो कमी प्रतिष्ठेचा समजतात, एवढेच त्याचे वैगुण्य.

ज्यांना संगणकाची मुळीच ओढ नाही त्यांनी केवळ पगार ऐकून इकडे येऊ नये, हे त्या शेतकरी वडिलांनाही मी सांगितले. त्यांच्या मुलाला ओढ होती. घरच्या मोटारीचा स्टार्टर तो स्वतः उघडून नीट करत असे. मी म्हटले, घाला, पण शेतीचे कामही त्याच्याकडून सोडवू नका. त्याच्या आईला ते पटले नाही.

शिक्षकांनाही एक विनंती. 'संगणकाची व्याख्या लिहा' आणि 'संगणकाच्या भागांची नावे लिहा' हे प्रश्न आता पुरे. त्याऐवजी शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही वर्गात घेऊन या आणि मुलांना म्हणा, ही संगणकात घालायची आहे. संगणकाला हात न लावता, कागदावर, कोणकोणते रकाने लागतील ते ठरवा. पहिल्या दहा मिनिटांत सगळे म्हणतील सोपे आहे. मग विचारा: एकाच पुस्तकाच्या तीन प्रती आहेत, त्यातली नेमकी कोणती हरवली हे कसे कळेल? नववी 'ब' मध्ये एकाच नावाच्या दोन मुली आहेत, पुस्तक कोणीकडे आहे? मुलगा दहावी होऊन गेला, त्याची नोंद पुसायची की ठेवायची? मुख्याध्यापकांनी जूनमध्ये नेलेले पुस्तक अजून परत केलेले नाही, दंडाचा नियम त्यांना लागू करायचा का?

शेवटच्या प्रश्नावर वर्गात बराच गोंधळ होईल. होऊ द्या.